दहा लाख मोहरांचा तोल

ब्लड बाऊलच्या पटावर दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू उभे राहतात. संघ उभारायला दोघांनाही सारखेच पैसे मिळालेले असतात. तरीही एकीकडे ड्वार्फ आणि दुसरीकडे हाफलिंग असतील, तर पहिला फासा पडण्याआधीच जाणकार निकालाचा अंदाज बांधतो. ड्वार्फ म्हणजे दाढीवाले, चिलखतातले, जागेवरून न हलणारे. हाफलिंग म्हणजे कमरेइतक्या उंचीचे, जेवणावर जीव असलेले. हा खेळ १९८६ साली इंग्लंडमध्ये आला. त्यानंतर त्याचे नियम अनेकदा नव्याने लिहिले गेले, मधल्या काळात तो काढणाऱ्या कंपनीच्या विक्रीतूनही बाद झाला. पण हाफलिंगांना ड्वार्फांच्या तोडीस तोड करायचा घाट कुणीही घातला नाही. दुबळ्याला सामन्यापुरतं काय द्यायचं, बलाढ्याची वाढ कुठे अडवायची आणि तोल मोजायचा तो एका सामन्याचा की अख्ख्या हंगामाचा, या प्रश्नांना प्रत्येक पिढीने वेगळं उत्तर दिलं. ब्लड बाऊलचा इतिहास हा त्या उत्तरांचा इतिहास आहे.

या खेळाचं बीज टीव्हीच्या पडद्यावर पडलं. चॅनल फोर ही ब्रिटिश वाहिनी नोव्हेंबर १९८२ मध्ये सुरू झाली आणि तिने अमेरिकन फुटबॉलचे सामने दाखवायला घेतले. शिरस्त्राणं, खांद्यांवरचं जाडजूड कवच, धडकांमागून धडका हा सगळा थाट फुटबॉल आणि क्रिकेटवर वाढलेल्या ब्रिटिश पोरांना नवा होता. त्याच काळात गेम्स वर्कशॉप ही कंपनी जोमात होती. १९७५ मध्ये लंडनला सुरू झालेली ही कंपनी पुढे नॉटिंगहॅमला स्थिरावली. १९८३ साली तिच्या घरातून ‘वॉरहॅमर’ हा युद्धाचा खेळ बाहेर पडला. ऑर्क, एल्फ, ड्वार्फ, गॉब्लिन अशा काल्पनिक वंशांच्या बोटभर उंचीच्या मूर्ती रंगवायच्या, त्यांच्या फौजा मांडायच्या आणि फाशांवर लढाई लढायची, असा तो छंद.

कंपनीतल्या जर्व्हिस जॉन्सन यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. वॉरहॅमरच्या जगातल्या वंशांनी रणांगणाऐवजी मैदानात एकमेकांना गाठलं तर, या कल्पनेवर त्यांनी ब्लड बाऊल रचला. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपर्यंत नेला की टचडाउन. वाटेत कुणाचं हाड मोडलं, कुणी बेशुद्ध पडलं, क्वचित कुणी मेलंच, तर तेही खेळात बसणारं. पहिल्या आवृत्तीच्या पेटीत मूर्तींऐवजी पुठ्ठ्याचे उभे खेळाडू होते. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्लास्टिकच्या मूर्ती आल्या आणि पॉलिस्टायरीनचं जाड मैदान आलं. त्या मैदानाला ‘अ‍ॅस्ट्रोग्रॅनाइट’ म्हणत. पाठोपाठ ‘स्टार प्लेयर्स’ आणि ‘कम्पॅनियन’ ही पुस्तकं निघाली, संघ वाढले, नामवंत खेळाडू वाढले, नियमांवर नियम चढले. सामना संपायला अख्खी संध्याकाळ पुरेना.

या सुरुवातीच्या काळात तोलाचा विचार झाला तो कथेच्या अंगाने. ऑर्क दणकट आणि मठ्ठ, एल्फ चपळ आणि नाजूक, गॉब्लिन लबाड, हे वॉरहॅमरमध्ये ठरलेलंच होतं. ब्लड बाऊलने ते स्वभाव उचलले आणि त्यांना आकडे चिकटवले: किती घरं चालतो, किती ताकद आहे, किती चपळ आहे, चिलखत किती जाड आहे. आकडे स्वभावाला शोभतात ना, एवढंच पाहिलं जाई. कुठला संघ किती सामने जिंकतो याची मोजदाद करणारं तेव्हा कुणी नव्हतं.

आजचा खेळ ज्या पायावर उभा आहे तो घातला गेला १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. पट २६ बाय १५ घरांचा. सामन्याचे दोन भाग, प्रत्येक भागात प्रत्येकाच्या आठ-आठ खेळ्या, एका खेळीला चार मिनिटं. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम टर्नओव्हरचा. आपल्या खेळीत आपलाच खेळाडू आपटला किंवा चेंडू हातचा निसटला, की खेळी तिथेच संपते आणि डाव समोरच्याकडे जातो. उरलेले दहा जण जागच्या जागी थिजतात. या एका नियमाने खेळ जलद झाला आणि त्याला धारही आली. आता प्रत्येक हालचालीला जोखमीची किंमत होती. कुणाला आधी हलवायचं, कुणाला शेवटी, धोक्याचा फासा कधी टाकायचा, हा क्रमच कोचचं, म्हणजे संघ चालवणाऱ्या माणसाचं, खरं कसब ठरला. दुबळ्या संघालाही त्यामुळे एक वाट मिळाली. समोरचा बलाढ्य असला तरी त्याचा एक फासा वाकडा पडला की त्याची खेळी संपते. ब्लड बाऊलच्या जगात नफल नावाचा देव आहे आणि फासे रुसले की जगभरचे खेळाडू त्याच्या नावाने बोटं मोडतात.

पैशांचा हिशेबही याच आवृत्तीने पक्का केला. नव्या संघाला १० लाख मोहरा मिळतात. त्यातून खेळाडू घ्यायचे, वाकडा पडलेला फासा पुन्हा टाकण्याचा हक्क देणारे रीरोल घ्यायचे, वैद्य ठेवायचा. नंतरच्या नियमपुस्तकांत स्थिरावलेले भाव पाहिले तर साधा हाफलिंग ३० हजारांना मिळायचा, साधा ऑर्क ५० हजारांना, ड्वार्फ ७० हजारांना आणि वुड एल्फांचा उड्या मारत लढणारा ‘वॉरडान्सर’ १ लाख २० हजारांना. ताकद वेगळी, भाव वेगळा. म्हणजे सारख्या पैशांत सारखी फौज यायला हवी, असं कुणालाही वाटेल.

तसं होत नाही, आणि का होत नाही हे एका टकरीत कळतं. टकरीचा खास फासा असतो. त्याच्या सहा बाजूंपैकी एकीवर टक्कर देणारा पडतो, एकीवर दोघेही पडतात, दोन बाजूंवर समोरचा फक्त मागे ढकलला जातो, एकीवर तो अडखळून पडतो आणि एकीवर सरळ आडवा होतो. दोघांची ताकद सारखी असेल तर एकच फासा पडतो. टक्कर देणारा ताकदवान असेल तर दोन पडतात आणि त्यातला हवा तो त्याला निवडता येतो.

आता ड्वार्फ हाफलिंगाला धडकला असं धरू. ड्वार्फाची ताकद ३, हाफलिंगाची २, म्हणून दोन फासे. ड्वार्फाकडे ‘ब्लॉक’ हे कौशल्य पहिल्या दिवसापासून असतं, त्यामुळे ‘दोघेही पडतात’ या बाजूवर तो स्वतः उभा राहतो आणि समोरचा पडतो. हाफलिंगाकडे निसटण्याचं कौशल्य असतं, पण ड्वार्फाच्या ‘टॅकल’पुढे ते निकामी होतं. सहातल्या तीन बाजू ड्वार्फाच्या कामाच्या ठरल्या आणि दोन फाशांत तो चारातल्या तीन वेळा हाफलिंगाला पाडतो. मग चिलखत. दोन साधे फासे टाकून बेरीज हाफलिंगाच्या ६ या आकड्यावर गेली की चिलखत फुटतं. ३६ शक्यतांपैकी २१ शक्यता त्या बाजूच्या, म्हणजे ५८ टक्के. मग दुखापत. पुन्हा दोन फासे. हाफलिंग चणीने बारीक म्हणून ७ आले तरी तो मैदानाबाहेर, पुन्हा ५८ टक्के. तिन्हींचा गुणाकार केला तर साधारण दर चार टकरींमागे एक हाफलिंग मैदानातून उचलावा लागतो.

तोच ड्वार्फ साध्या ऑर्काला धडकला तर? ताकद सारखी, म्हणून फासा एकच आणि पाडण्याची शक्यता निम्मी. ऑर्काचं चिलखत ९, ते फुटण्याची शक्यता सहात एक. दुखापतीला ८ किंवा जास्त हवेत, ती शक्यता ४२ टक्क्यांच्या आसपास. सगळं मिळून सुमारे २९ टकरींमागे एक ऑर्क बाहेर. ऑर्काचा भाव हाफलिंगाच्या दुपटीलाही पोचत नाही, पण ड्वार्फापुढे तो सातपट टिकतो. आणि टक्कर एकट्याची राहत नाही. एक हाफलिंग गेला की उरलेल्यांवर एक ड्वार्फ जास्तीचा मोकळा होतो, त्यामुळे पुढची टक्कर आणखी महागात पडते.

मग हाफलिंगांचा भाव १५ हजार का केला नाही? कारण त्यांच्याकडून जिंकण्याची अपेक्षाच नाही. गल्लीतल्या खेळात एखादं कच्चं लिंबू असतं. ते बाद झालं तरी बाद धरत नाहीत, पण त्याला खेळातून कुणी हाकलतही नाही. हाफलिंग, गॉब्लिन आणि ओगर यांचे संघ ब्लड बाऊलमध्ये असेच जाणूनबुजून ठेवलेले आहेत. दुबळेपण भरून काढायला त्यांना सवलती मिळतात, त्याही त्यांच्या स्वभावाला धरून. हाफलिंगांच्या दिमतीला पट्टीचा आचारी असतो. प्रत्येक अर्धा डाव सुरू होताना त्याच्यासाठी तीन फासे टाकतात. जितक्या फाशांवर ४ किंवा जास्त येतात, तितके रीरोल समोरच्या संघाकडून हाफलिंगांकडे येतात, कारण स्वयंपाकाच्या वासाने समोरच्यांचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. सोबतीला चालते-बोलते वृक्ष असतात, ते हाफलिंगाला उचलून चेंडूसकट पलीकडे भिरकावतात. हाफलिंग नीट उतरला तर एका खेळीत टचडाउन, नाही तर मान मोडून घेतो. गॉब्लिनांकडे चेनसॉ आणि बॉम्ब. अशी शस्त्रं नियमबाह्य, म्हणून ती वापरणाऱ्याला पंच बाहेर काढतो. गॉब्लिनांना मात्र पंचाला लाच देण्याचा दर इतरांच्या निम्मा लागतो.

या संघांनी खेळणाऱ्यांची एक वेगळी जमात आहे. बलाढ्य संघाविरुद्ध काढलेली बरोबरी त्यांना जिंकल्याइतकी गोड लागते. पंधरा-वीस वर्षं एकनिष्ठपणे हाफलिंगच खेळणारे कोच या छंदात आदराने ओळखले जातात. रचनाकारांनी दुबळा संघ दुबळा ठेवला म्हणून हा आदर शिल्लक राहिला.

खरी डोकेदुखी वरच्या फळीत होती. ड्वार्फ, ऑर्क, वुड एल्फ, स्केव्हन, अनडेड, केऑस या संघांनी एकमेकांशी बरोबरीत लढावं अशी अपेक्षा होती आणि इथे काळ आडवा आला. ब्लड बाऊल बहुतेक ठिकाणी लीगच्या स्वरूपात खेळला जातो. संघ आठवड्यामागून आठवडे तोच राहतो आणि खेळाडू अनुभव कमावतात. २०२० आधीच्या नियमांत टचडाउनला ३ गुण मिळत, समोरच्याला जबर जखमी केल्यास २, यशस्वी पासला १, सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला ५. असे ६ गुण जमले की पहिलं नवं कौशल्य मिळे. ड्वार्फांना ब्लॉक आणि टॅकल जन्मतःच मिळालेलं, त्यामुळे पहिल्या पाच-सात सामन्यांत ते भारी पडतात. अ‍ॅमेझॉन संघाचंही तसंच होतं. त्यांच्या प्रत्येक खेळाडूला निसटण्याचं कौशल्य आधीपासून असल्याने कोवळ्या लीगमध्ये त्या हाती लागत नसत आणि समोरचे संघ टॅकल शिकले की त्यांची सद्दी संपे. केऑसचं उलट. त्यांचे योद्धे ताकदीचे पण कोरे. सुरुवातीला मार खातात, वीसेक सामन्यांनी त्यांच्या वाटेला कुणी जात नाही. वुड एल्फांचं तिसरंच. ते पहिल्या दिवसापासून जिंकतात, पण चिलखत पातळ, त्यामुळे एक वाईट सामना त्यांचा महागडा तारा कायमचा विझवू शकतो.

म्हणजे ड्वार्फ आणि केऑस यांच्यात तोल आहे का, या प्रश्नाला एक उत्तर नाही. तिसऱ्या सामन्यात विचारलं तर एक, तिसाव्यात विचारलं तर दुसरं. १९९४ च्या नियमांत वाढीला फारसा लगाम नव्हता. जिंकणाऱ्याला पैसे, पैशांतून नवे खेळाडू, त्यातून आणखी विजय. जुन्या लीगमधले मुरलेले संघ इतके माजत की नव्याने आलेल्याला त्यांच्यासमोर उभं करणं म्हणजे बळी देणं होई.

२००१ च्या सुमारास गेम्स वर्कशॉपने ब्लड बाऊलसारखे छोटे खेळ ‘फॅनॅटिक’ या आपल्या शाखेकडे सोपवले. तिची सूत्रं जर्व्हिस जॉन्सन यांच्याकडेच होती. तिथून एक धाडसी प्रयोग सुरू झाला. नियमपुस्तक ‘जिवंत’ ठेवायचं, ते इंटरनेटवर फुकट द्यायचं आणि अनुभवानुसार बदलत राहायचं. बदल ठरवायला जॉन्सन आणि जाणते खेळाडू यांची नियम समिती नेमली गेली आणि दर ऑक्टोबरात नियमांचा आढावा घेतला जाऊ लागला. विकत घेतलेला खेळ कंपनी आणि गिऱ्हाईक मिळून सुधारतायत, हे त्या काळी फार दुर्मीळ होतं.

वाढीला लगाम घालायला या काळात म्हातारपणाचा नियम आला. खेळाडूने नवं कौशल्य मिळवलं की फासे टाकायचे आणि ते बिनसले तर जुनं दुखणं मागे लागायचं किंवा त्याचं बळ घटायचं. हिशेबाने नियम चोख होता, माजलेले संघ खाली येत. पण खेळाडूंच्या मनातून तो उतरला. महिनोन्‌महिने जपलेला, स्वतः रंगवलेला, नाव ठेवलेला खेळाडू कौशल्य मिळाल्याच्या आनंदाच्या क्षणीच लंगडा व्हावा, हे कुणाला रुचलं नाही. मैदानात कुणाच्या धडकेने तो गेला तर लोक हळहळून मान्य करत. हिशेबाच्या कागदावर गेला की चिडत.

२००६ च्या पाचव्या ‘जिवंत’ पुस्तकाने म्हातारपण काढून टाकलं आणि त्याजागी पैसा आणला. प्रत्येक संघाचं मूल्य काढायचं: खेळाडूंचे भाव, कौशल्यांचे भाव, रीरोल, सगळं धरून. सामन्याआधी दोन मूल्यांत जितका फरक, तितक्या रकमेची उसनी मदत दुबळ्या संघाला एका सामन्यापुरती मिळते. १ लाख ५० हजारांत एक जादूगार येई आणि सामन्यात एकदा आगीचा गोळा किंवा वीज टाकून जाई. लाचेला १ लाख, गॉब्लिनांना ५० हजार. आचारी हाफलिंगांना १ लाखात मिळे, बाकीच्यांना ३ लाखांत. फरक खूपच मोठा असेल तर ४ लाख ३० हजार मोजून मॉर्ग एन थॉर्ग हा सगळ्यांत दांडगा ओगर एका सामन्यासाठी बोलावता येई. शिवाय संघाचं मूल्य साडेसतरा लाखांवर गेलं की सामन्याच्या कमाईला कात्री लागे आणि मूल्य जसजसं वाढेल तसतशी ती मोठी होत जाई. श्रीमंत संघाला तारे पोसणं जड जावं हा त्यामागचा हेतू. वाढ अडवली, पण ती खेळाडूचा पाय न मोडता.

याच समितीने तोलाला आकड्यात पकडलं. वरच्या फळीतल्या संघाने दीर्घकाळात ४५ ते ५५ टक्के यश मिळवावं, बरोबरी अर्धा विजय धरून, असं उद्दिष्ट तिने ठेवलं. त्याखाली दुसरी फळी आणि तळाला हाफलिंगांसारख्यांची तिसरी. आकडा ठरवता आला कारण आता आकडे मिळत होते. ‘फंबल’ नावाच्या संकेतस्थळावर २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून लोक संगणकावर ब्लड बाऊल खेळत होते आणि प्रत्येक सामन्याची नोंद राहत होती. एरवी पन्नास लीगच्या वह्यांत विखुरलेली माहिती एका जागी आली. कुठला संघ कुठल्या मूल्याला कुणाविरुद्ध किती जिंकतो, हे पहिल्यांदाच दिसू लागलं. ज्या संघांची पारडी जड दिसली त्यांना हात लागला. खेमरी या मृतांच्या संघातल्या चार ममींकडे जबर ठोसा देण्याचं कौशल्य होतं. २००९ च्या सहाव्या पुस्तकात त्यांच्या जागी ते कौशल्य नसलेले, लवकर झिजणारे रक्षक आले.

त्याच वर्षी फ्रान्सच्या सायनाइड स्टुडिओने ब्लड बाऊलचा संगणकीय खेळ काढला. त्याची गोष्टही मजेदार आहे. या स्टुडिओने २००४ मध्ये ‘केऑस लीग’ नावाचा खेळ काढला होता. तो ब्लड बाऊलशी इतका मिळताजुळता होता की गेम्स वर्कशॉपने त्याला कोर्टात खेचलं. पुढे तडजोड झाली आणि त्याच स्टुडिओला अधिकृत परवाना मिळाला. या खेळामुळे हजारो नवे लोक आले. कधीही लॉग-इन करावं आणि आपल्याइतक्या मूल्याचा प्रतिस्पर्धी यंत्राने शोधून द्यावा, अशी सोय झाली. समितीने नियम घडवले होते ते मित्रांच्या लीगसाठी, जिथे पुढच्या आठवड्यात कुणाशी गाठ आहे ते माहीत असतं आणि अति करणाऱ्याला चारचौघांत तोंड दाखवायचं असतं. अनोळखी माणसांच्या न संपणाऱ्या लीगमध्ये त्याच नियमांना वेगळेच कोंब फुटले.

त्यातला सगळ्यात कुप्रसिद्ध म्हणजे तीन कौशल्यांचा मेळ. ‘क्लॉ’ म्हणजे पंजा: समोरचं चिलखत कितीही जाड असो, फाशांची बेरीज ८ झाली की ते फुटतं. ‘मायटी ब्लो’ बेरजेत एक मिळवतो. ‘पायलिंग ऑन’ असलेला खेळाडू पडलेल्याच्या अंगावर झेप घेतो आणि बिघडलेला फासा पुन्हा टाकतो. ड्वार्फाचं ९ चं चिलखत साध्या धडकेला सहात एकदा फुटतं. पंजा आणि ठोसा एकत्र आले की फाशांवर नुसते ७ पुरतात, म्हणजे ५८ टक्के. हाफलिंगाच्या चिलखताचा हाच आकडा होता. तिसरं कौशल्य धरलं की शक्यता ८३ टक्क्यांवर जाते. चिलखतासाठी पैसे मोजूनही ७० हजारांचा ड्वार्फ या मेळापुढे साध्या धडकेतल्या ३० हजारांच्या हाफलिंगाहून ठिसूळ ठरला. हा मेळ सहज जमवता येत होता तो शरीरात बदल घडवू शकणाऱ्या केऑस आणि नर्गल यांच्या संघांना. त्यात मूल्यावर जोड्या लागत असल्याने लोक बिनकामाचे खेळाडू काढून टाकू लागले आणि मोजके अकरा-बारा ठेवून सगळं बळ एक-दोन मारेकऱ्यांत ओतू लागले. मूल्य कमी दिसे, मार मात्र पुरेपूर बसे. टचडाउनच्या शर्यतीपेक्षा समोरचा संघ संपवण्याची शर्यत सोपी झाली.

आणि नेमक्या याच वेळी नियम दुरुस्त करायला कुणी उरलं नव्हतं. समितीचं काम सहाव्या पुस्तकापाशी थांबलं होतं. २०१३ मध्ये गेम्स वर्कशॉपने हे छोटे खेळ विक्रीतूनच काढले. एखादा खेळ एवढ्यावर संपतो. हा संपला नाही, कारण तोवर तो खेळाडूंच्या हाती गेला होता. ‘नॅफ’ ही खेळाडूंची आंतरराष्ट्रीय संघटना आधी कंपनीच्या पुढाकाराने उभी राहिली होती आणि मग खेळाडूच ती चालवू लागले होते. तिने स्पर्धांना मान्यता देणं, निकाल गोळा करणं आणि क्रमवारी लावणं चालू ठेवलं. स्पेन, इटली, अमेरिका इथले छोटे मूर्तिकार नव्या मूर्ती काढत राहिले. संघटनेचा विश्वचषक २००७ मध्ये नॉटिंगहॅमला, २०११ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला आणि २०१५ मध्ये इटलीतल्या लुक्काला झाला. म्हणजे २०१५ चा विश्वचषक भरला तेव्हा मूळ कंपनी हा खेळ विकतही नव्हती.

स्पर्धा भरवणाऱ्यांनी तोलाच्या प्रश्नाला आपलं उत्तर शोधलं. दोन दिवसांत पाच-सहा सामने होणार असतील तर संघ हळूहळू वाढण्याचा प्रश्नच येत नाही. मग वाढ आधीच वाटून टाकायची. सगळ्यांना थोडे जास्त पैसे, ११ लाख किंवा त्याच्या आसपास, आणि वर फळीनुसार कौशल्यं. वुड एल्फ किंवा अनडेड घेऊन येणाऱ्याला कमी, मधल्या फळीला जास्त, हाफलिंग-गॉब्लिनांना त्याहून जास्त. कोणत्या संघाला कुठल्या फळीत टाकायचं यावर प्रत्येक स्पर्धेआधी कडाडून वाद होतात आणि आयोजक मागच्या वर्षीचे निकाल पुढे ठेवून त्यांना उत्तर देतात. क्रमवारीतही एक बारकावा आहे. संघटना कोचची क्रमवारी वंशागणिक वेगळी ठेवते. ड्वार्फ खेळवण्यात वरच्या क्रमांकावर असलेला माणूस स्केव्हनच्या यादीत बराच खाली असू शकतो. माणसाचं कसब आणि संघाचं बळ यांची गल्लत होऊ नये म्हणून ही काळजी.

नोव्हेंबर २०१६ मध्ये गेम्स वर्कशॉपने ब्लड बाऊल पुन्हा बाजारात आणला. नियम बहुतांशी समितीने घडवलेलेच होते. अंगावर झेप घेण्याला मात्र आता संघाचा एक रीरोल खर्चावा लागू लागला. २०२० च्या ‘सेकंड सीझन’ आवृत्तीने आणखी खोल हात घातला. झेप घेण्याचं ते कौशल्य यादीतूनच गेलं. पंजा आणि ठोसा एकाच वेळी चिलखतावर लावता येईनात, त्यामुळे ड्वार्फाचं चिलखत फुटण्याची शक्यता निदान ४२ टक्क्यांवर आली. पास देण्याची क्षमता चपळाईपासून वेगळी केली गेली, त्यामुळे चपळ खेळाडू आपोआप उत्तम फेकणारा ठरेना. आणि तीन फळ्या थेट पुस्तकात, प्रत्येक संघासमोर छापल्या गेल्या. हाफलिंग, गॉब्लिन, ओगर आणि स्नॉटलिंग तिसरीत. दुबळा संघ दुबळा आहे हे आता लपवायचं काहीच कारण नव्हतं.

काळाच्या प्रश्नाला या आवृत्तीने दिलेलं उत्तर सगळ्यांत नेटकं आहे. लीगला हंगाम दिला. हंगाम संपला की ठरलेल्या रकमेत संघ पुन्हा उभारायचा. जुना खेळाडू ठेवायचा तर त्याचा आणि त्याच्या कौशल्यांचा पूर्ण भाव मोजायचा आणि खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे २० हजार त्याच्या एजंटला द्यायचे. तिसऱ्या हंगामातला नामांकित योद्धा म्हणून परवडेनासा होतो आणि कोचला आवडता खेळाडू जवळ ठेवायचा की त्याच्या पैशांत दोन नवे घ्यायचे, हे ठरवावं लागतं. म्हातारपणाच्या नियमाने जे फाशांवर सोपवलं होतं, ते इथे माणसाच्या निर्णयावर आलं. संघ फार माजत नाहीत, नवा आलेला फार मागे पडत नाही आणि तिसाव्या सामन्यातल्या केऑसची धास्ती घेण्याइतकी लीग लांबतच नाही.

दरम्यान विश्वचषक २०१९ मध्ये ऑस्ट्रियातल्या डॉर्नबिर्नला आणि २०२३ मध्ये स्पेनमधल्या अलिकांतेला झाला. डॉर्नबिर्नलाच एका छताखाली हजाराहून अधिक कोच खेळत होते. तिथेही संघांच्या फळ्या लावल्या गेल्या, सवलती वाटल्या गेल्या आणि निकाल वंशवार नोंदले गेले. पुढच्या स्पर्धेत कुणाला एक कौशल्य जास्त द्यायचं आणि कुणाचं काढून घ्यायचं, याचा वाद घालणारे लोक हेच निकाल पुढ्यात घेऊन बसतात.